सहा रंगांची ई-इंक फोटोफ्रेम : पडदा उत्तम, पॅलेट मात्र स्वतः लिहावे लागते

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी आईसाठी ७.३ इंचांची रंगीत ई-इंक फोटोफ्रेम घेतली. आई चिपळूणला असते, तिला मोबाइलवर फोटो पाहायला आवडत नाही आणि चमकणाऱ्या डिजिटल फ्रेमचा उजेड तिच्या डोळ्यांना त्रास देतो. कागदावर छापल्यासारखा दिसणारा, स्वतःचा उजेड नसलेला आणि तरीही आठवड्याला नवा फोटो दाखवणारा पडदा तिच्यासाठी योग्य ठरेल, असा माझा विचार होता. तो बरोबर निघाला, पण थेट नव्हे. फ्रेम तिच्याकडे पोहोचवण्याआधी जवळजवळ चार महिने ती माझ्याच टेबलावर राहिली, आणि त्या काळात मी जे शिकलो ते ही फ्रेम घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला आधीच कळावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

फ्रेममधील पडदा ई-इंक कंपनीच्या ‘स्पेक्ट्रा ६’ प्रकारचा आहे. हे तंत्र कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच पडद्याभोवती सर्किट, लाकडी चौकट आणि मोबाइल अ‍ॅप जोडून फ्रेम विकणारे बाजारात अनेक जण आहेत. मी घेतलेल्या फ्रेमच्या निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटीबद्दल मी लिहिणार आहे, ती पडद्यापेक्षा फोटोचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे आणि ती कोणत्याही फ्रेममध्ये असू शकते. मला ती आयातशुल्कासह दहा हजार रुपयांच्या घरात पडली.

पडद्याचे आकडे साधे आहेत. आडवे ८०० आणि उभे ४८० ठिपके, म्हणजे एकूण ३,८४,००० ठिपके, आणि प्रत्येक ठिपका काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा यांपैकी एकच रंग दाखवू शकतो. ठिपक्यात विद्युतभारित रंगकण असतात आणि विजेचा दाब बदलून हवे ते कण वर आणले जातात. एकदा कण जागेवर बसले की वीज बंद केली तरी चित्र तसेच राहते. चित्र बदलताना पडदा काही वेळा लुकलुकतो, रंगांच्या लाटा येतात, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत नवा फोटो स्थिरावतो. फिकट लाल, करडा, गुलाबी, तपकिरी असे काहीही या पडद्याला येत नाही. ते सगळे आपल्याला सहा रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडून डोळ्याला भासवावे लागते. त्यालाच डिदरिंग म्हणतात.

वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहिला असेल, तर ही कल्पना नवीन वाटणार नाही. फरक इतकाच की छपाईत ठिपके लहान-मोठे करता येतात, इथे सगळे ठिपके एकाच आकाराचे असतात आणि फक्त त्यांची दाटी बदलता येते. ७.३ इंचांत ८०० बाय ४८० म्हणजे इंचाला साधारण १२८ ठिपके, म्हणून एक ठिपका सुमारे ०.२ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एवढा ठिपका साधारण पाऊण मीटरच्या आत वेगळा दिसतो आणि त्यापलीकडे शेजाऱ्यात मिसळतो. त्यामुळे ही फ्रेम हातात धरून पाहण्याची वस्तू नाही. ती भिंतीवर किंवा कपाटावर, खुर्चीपासून एक-दीड मीटरवर ठेवायची आहे, आणि त्या अंतरावर ती फार सुंदर दिसू शकते.

पहिल्या दिवशी मात्र ती सुंदर दिसली नाही. मी अ‍ॅपमधून तीन फोटो चढवले : भातशेतीच्या बांधावर उभा असलेला माझा भाऊ, निळी पैठणी नेसलेल्या आईचा जवळून घेतलेला फोटो आणि आजीचा जुना कृष्णधवल फोटो. भातशेती खाकी झाली होती. आकाशात जाडसर खरखर दिसत होती. आई त्या आठवड्यात पुण्याला आली होती. तिने फ्रेमसमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विचारले, “अरे, माझ्या गालावर हे हिरवं काय आलंय?” मी जवळ जाऊन पाहिले, तर गालाच्या सावलीत खरोखरच हिरव्या ठिपक्यांची विरळ जाळी होती. आजीच्या फोटोत रंगाचा काही संबंध नसताना पदराच्या घडीत लाल आणि हिरवे ठिपके विखुरलेले होते.

माझी पहिली शंका डिदरिंगच्या पद्धतीवर गेली. अनेक फ्रेम फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ मधील पद्धत वापरतात. ती ठिपक्याठिपक्याने पुढे जाते. हव्या असलेल्या रंगाला पॅलेटमधला, म्हणजे तिला दिलेल्या रंगांच्या यादीतला, सर्वांत जवळचा रंग शोधते, तो लावते, आणि जी चूक उरली ती शेजाऱ्यांवर वाटून टाकते : उजवीकडच्या ठिपक्याला सोळापैकी सात भाग, खालच्याला पाच, खाली डावीकडच्याला तीन आणि खाली उजवीकडच्याला एक. एका ठिपक्याला लाल कमी पडला, तर शेजाऱ्याकडून तो वसूल होतो, आणि एकूण सरासरी मूळ रंगाच्या जवळ राहते. पद्धत जुनी असली तरी चांगली आहे. दोष तिच्यात नव्हता. तिला जे सहा रंग सांगितले होते, ते खोटे होते.

अ‍ॅपने तयार केलेली फाइल मी संगणकावर उघडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. संगणक प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांत लिहितो. या फाइलमध्ये लाल म्हणजे २५५, ०, ०, हिरवा म्हणजे ०, २५५, ०, पांढरा म्हणजे तिन्ही २५५ असे लिहिलेले होते. ही रंगांची नावे झाली, रंग नव्हेत. संगणकाच्या पडद्यावरचा ०, २५५, ० हा झगझगीत पोपटी-हिरवा असतो, तर फ्रेमवरचा हिरवा बाटलीच्या काचेसारखा गडद आहे. फ्रेमवरचा पांढरा हा चांगल्या वर्तमानपत्राच्या कागदासारखा किंचित करडा आहे, आणि लाल हा कुंकवापेक्षा विटेकडे अधिक झुकणारा आहे. डिदरिंग करणारा प्रोग्राम पडदा पाहू शकत नाही. त्याला दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून तो हिशेब मांडतो, आणि आकडे चुकीचे असतील तर अत्यंत काटेकोरपणे चुकीचे उत्तर देतो.

मग मी पडदा मोजायला बसलो. संपूर्ण पडद्यावर सहा उभे पट्टे आणले, फ्रेमच्या शेजारी कोरा पांढरा कागद ठेवला, आणि ढगाळ दुपारी खिडकीजवळ, मोबाइलचे एक्स्पोजर कागदावर स्थिर करून फोटो काढला. नंतर गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये कागदाचा रंग शुद्ध पांढरा धरून बाकीचे रंग ड्रॉपरने वाचले. एका फोटोवर विसंबून न राहता तीन दिवस वेगवेगळ्या वेळी हे केले आणि आकडे पाचाच्या पटीत आणले. काळा ५, ५, ५. पांढरा १९०, १९०, १९०. लाल १३५, २०, ५. पिवळा २०५, २००, १०. निळा १०, ६५, १५५. हिरवा ४०, १००, ६०. ही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर किंवा वेगळ्या उजेडात आकडे थोडे वेगळे येतील. पण २५५ आणि १३५ यांतले अंतर एवढे मोठे आहे की अशी ढोबळ मोजणीसुद्धा अ‍ॅपच्या पॅलेटपेक्षा कितीतरी खरी ठरते.

भातशेती खाकी का झाली, हे या आकड्यांवरून अगदी स्पष्ट होते. फोटोतल्या भाताच्या एका जागेचा रंग मी वाचला होता : ९५, १३०, ५०. अ‍ॅपच्या पॅलेटनुसार हा रंग बनवायचा तर हिशेब असा पडतो की शंभरांपैकी सुमारे वीस ठिपके पांढरे, सतरा पिवळे, चौदा हिरवे आणि उरलेले एकोणपन्नास काळे लावावेत. कागदावर हे गणित बिनचूक आहे. प्रत्यक्षात ते चौदा हिरवे ठिपके इतके गडद आहेत की डोळ्याला त्यांचा उजेड जवळजवळ मिळतच नाही. उरतात ते पांढरे, पिवळे आणि काळे, आणि या तिघांच्या मिश्रणाला मराठीत खाकीच म्हणतात. तोच रंग खऱ्या आकड्यांतून बनवायचा म्हटले, तर साध्या सरासरीने सुमारे दोन-तृतीयांश ठिपके हिरवे आणि एक-तृतीयांश पिवळे लागतात आणि काळा लागतच नाही. उजेडाचा हिशेब पुढे सांगितल्याप्रमाणे बसवल्यावर काही काळे ठिपके परत येतात, पण हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा राहतो. पॅलेटमधले आकडे बदलून तोच फोटो पुन्हा चढवला, तेव्हा श्रावणातले भात श्रावणातल्यासारखे दिसले.

इथे एक बाब मला बराच काळ छळत होती. अ‍ॅपचे पॅलेट इतके चुकीचे होते, तर ते बनवणाऱ्यांच्या लक्षात कसे आले नसेल? उत्तर मला काळ्या-पांढऱ्याच्या पट्टीत सापडले. आपल्या फाइलमधले आकडे आणि प्रत्यक्ष उजेड यांचे नाते सरळ रेषेतले नसते. निम्मे काळे आणि निम्मे पूर्ण पांढरे ठिपके मिसळले तर डोळ्याला १२८ ऐवजी सुमारे १८८ एवढा उजळ करडा दिसतो. साधे डिदरिंग हे विचारात घेत नाही, त्यामुळे मधल्या छटा नेहमी फिकट होतात. पण या पडद्याचा पांढरा मुळातच १९० असल्यामुळे त्याचे आणि काळ्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १४० दिसते, म्हणजे हव्या असलेल्या १२८ च्या बरेच जवळ. दोन चुका एकमेकींना झाकतात. करड्या छटांची पट्टी तपासणाऱ्याला सगळे ठीक वाटते, आणि रंगीत फोटो मात्र बिघडलेले राहतात.

म्हणूनच फक्त पॅलेट दुरुस्त करून भागत नाही. एक चूक सुधारली की दुसरी उघडी पडते. नव्या पॅलेटने केलेले माझे पहिले काही फोटो धुतल्यासारखे फिकट आले, आणि ढगांच्या जागी निव्वळ पांढरा डाग उमटला. पांढऱ्याचे कारण सरळ आहे : फोटोत २५० असलेला ढग आणि पडद्याची कमाल १९०. उरलेली चूक प्रोग्राम शेजाऱ्याकडे ढकलत राहतो, शेजाऱ्यालाही ती फेडता येत नाही, आणि शेवटी ती उजवीकडे आणि खाली ओघळत जाते. उपाय असा की डिदरिंगच्या आधीच फोटोतला सर्वांत गडद ते सर्वांत उजळ हा पल्ला पडद्याच्या पल्ल्यात बसवावा. गिंपच्या लेव्हल्समध्ये आउटपुटची खालची मर्यादा ५ आणि वरची १९० केली की पूर्ण फोटो त्या पट्ट्यात येतो. संगणकावर तो मंद आणि निस्तेज दिसतो, आणि पहिल्या वेळी हात आखडतो. पण फ्रेमवर पडद्याचा पांढरा हाच डोळ्यासाठी पांढरा असतो, आणि फोटो पूर्ण उजेडाचा वाटतो. मधल्या छटांसाठी एक तर डिदरिंग सरळ रेषेतल्या उजेडाच्या आकड्यांवर करावे, जे इमेजमॅजिक या चित्रे रूपांतरित करणाऱ्या प्रोग्राममध्ये फोटो आणि पॅलेट दोन्ही आधी तशा रंगपद्धतीत नेऊन साधते, नाही तर गिंपमधली छटा बदलणारी वक्ररेषा, म्हणजे कर्व्हज, वापरून मधला भाग थोडा खाली ओढावा. मी आता पहिला मार्ग वापरतो, पण दुसरा मार्ग शिकायला सोपा आहे आणि परिणामात फारसा उणा पडत नाही.

एवढे करूनही आईच्या गालावरचा हिरवा पूर्णपणे गेला नाही, आणि या शोधाचा खरा गाभा मला तिथेच मिळाला. खऱ्या पॅलेटमधला हिरवा ४०, १००, ६० आहे. सावलीतला साधा करडा ६०, ६०, ६० घ्या. आकड्यांच्या अंतराने मोजले तर तो हिरव्यापासून सुमारे ४५ दूर आहे आणि काळ्यापासून सुमारे ९५. म्हणजे ज्या सावलीत हिरव्याचा लवलेश नाही, तिथेही प्रोग्रामला सर्वांत जवळचा रंग हिरवाच वाटतो. तो हिरवा ठिपका लावतो, मग हिरवा जास्त झाला म्हणून पुढे लाल लावून तो भरून काढतो. सरासरी बरोबर येते, पण एक मीटरवरूनही गालावर, हनुवटीखाली आणि केसांच्या कडेला हिरवे-लाल रवे जाणवतात. निसर्गचित्रात ते खपून जातात, चेहऱ्यावर नाही. माणसाच्या चेहऱ्याबाबत आपला डोळा फार कडक असतो.

उपाय रंग वाढवण्याचा नव्हता, कमी करण्याचा होता. मी हिरवा पॅलेटमधून काढून टाकला आणि पाच रंगांत डिदरिंग केले. निळा ठेवता येईल का, ही धास्ती होती, कारण आईची पैठणी निळी आहे आणि ती निळीच दिसली पाहिजे. पण तोच करडा निळ्यापासून १०७ दूर पडतो, काळ्यापेक्षाही लांब, त्यामुळे निळा सावलीत घुसखोरी करत नाही. पैठणी निळी राहिली, काठ पिवळ्या-लाल ठिपक्यांतून सोनेरी झाला, आणि चेहरा पांढरा, पिवळा, लाल आणि काळा या चारांतून इतका शांत उमटला की मी तो पुन्हा पुन्हा दुरून पाहत राहिलो. पडद्याला सहा रंग येतात म्हणून प्रत्येक फोटोला सहाही दिले पाहिजेत, या समजुतीने मी तीन आठवडे घालवले होते.

आजीच्या फोटोला तर दोनच रंग दिले. आधी जुन्या कागदाचा पिवळेपणा काढून फोटो निखळ करड्या छटांत आणला, मग फक्त काळा आणि पांढरा. फ्लॉइड–स्टाइनबर्गने आलेले चित्र नीट होते, पण जरा मऊ वाटत होते. त्यासाठी मी बिल अ‍ॅटकिन्सन यांची पद्धत वापरून पाहिली. अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या काळात, काळ्या-पांढऱ्या पडद्यासाठी त्यांनी ती घडवली होती. तिच्यात उरलेल्या चुकीचे आठपैकी सहाच भाग शेजाऱ्यांना दिले जातात आणि दोन सोडून दिले जातात. त्यामुळे अगदी उजळ आणि अगदी गडद भागांतले बारकावे जातात, पण चित्राला धार येते. आजीच्या नाकातली नथ आणि कपाळावरची चंद्रकोर या पद्धतीत स्वच्छ दिसली. पदराच्या घड्या थोड्या हरवल्या, आणि ते मला चालले.

दसऱ्याच्या झेंडूच्या तोरणाचा फोटो हा या पडद्याचा सर्वांत सोपा विजय. ई-इंकच्या आधीच्या सात रंगांच्या पडद्यात नारिंगी हा स्वतंत्र रंग होता, यात नाही, आणि मला त्याची उणीव भासेल असे वाटले होते. तशी ती भासली नाही. या पडद्याचे पिवळा आणि लाल हे दोन रंग सर्वांत जिवंत आहेत, त्यांचे ठिपके शेजारी बसले की झेंडू पेटल्यासारखा दिसतो, आणि आंब्याच्या पानांच्या गडद हिरव्याला तर पडद्याचा स्वतःचा हिरवा जवळजवळ तसाच्या तसा लागतो.

आकाश मात्र अजूनही त्याची दुखरी जागा आहे. पडद्याचा निळा फार गडद आणि पांढरा उजळ, त्यामुळे फिकट आकाश बनवताना पांढऱ्यावर निळे ठिपके तिळासारखे वेगवेगळे दिसतात. बेयरची ठरावीक जाळी, म्हणजे ठिपके एकाच नक्षीत मांडणारी डिदरिंगची पद्धत, वापरली तर चटईसारखी वीण उमटते, जी आकाशात कृत्रिम वाटते. ब्ल्यू नॉइज या नक्षी न उमटू देणाऱ्या पद्धतीने ठिपके सर्वांत एकसारखे पसरतात आणि त्यातल्या त्यात डोळ्याला कमी खुपतात. तरीही मोकळे आकाश अर्ध्याहून अधिक व्यापणारा फोटो मी आता निवडतच नाही, किंवा कापून आकाश कमी करतो. तसेही पडद्याचा आकार ५ : ३ असल्याने मोबाइलचा फोटो कापावाच लागतो.

साधनांबद्दल थोडे. गिंप आणि इमेजमॅजिक दोन्ही मोफत आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. गिंपमध्ये सहा रंगांचे स्वतःचे पॅलेट बनवून ठेवायचे, चित्र आधी बरोबर ८०० बाय ४८० करायचे आणि मग इंडेक्स्ड, म्हणजे ठरावीक रंगांच्याच, प्रकारात बदलताना ते पॅलेट निवडायचे. तिथे फ्लॉइड–स्टाइनबर्गचे दोन प्रकार आहेत, त्यांतला रंगाचे ओघळणे कमी करणारा प्रकार चेहऱ्यांसाठी बरा. पॅलेटमधील न वापरलेले रंग काढून टाकण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाही तर रंगांचा क्रम बदलतो आणि पुढच्या पायरीला घोळ होतो. रूपांतराच्या वेळी आधी नमुना दिसला असता तर बरे झाले असते. गिंपच्या २.१० या आवृत्तीत तो दिसत नाही, म्हणून करून पाहणे, मागे घेणे, पुन्हा करणे असे चालते. वीस-पंचवीस फोटो एकदम करायचे असतील तर इमेजमॅजिकचा रीमॅप पर्याय वेळ वाचवतो : सहा चौकोनांचे एक छोटे पॅलेट-चित्र त्याला दिले की त्या रंगांतच तो सगळे फोटो बसवतो.

ती पुढची पायरी विसरली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती सविस्तर सांगतो. खऱ्या आकड्यांनी डिदरिंग झाल्यावर फाइलमध्ये विटकरी लाल, करडा पांढरा असे रंग असतात. फ्रेमच्या सॉफ्टवेअरला ते ओळखता येत नाहीत, त्याला अजूनही २५५, ०, ० हाच लाल कळतो. तशीच फाइल दिली तर ते तिच्यावर पुन्हा आपले डिदरिंग करते आणि चित्राचा चिखल होतो. म्हणून ठिपक्यांची मांडणी तशीच ठेवून फक्त रंगांची नावे परत बदलायची : गिंपच्या कलरमॅपमध्ये, म्हणजे फाइलच्या रंगांच्या यादीत, १३५, २०, ५ च्या जागी २५५, ०, ०, आणि असेच सहाही. हिशेब खऱ्या रंगांवर होतो, निरोप पडद्याला कळणाऱ्या भाषेत जातो. फाइल पीएनजी किंवा बीएमपीच असावी, कारण जेपीजीमध्ये ठिपक्यांच्या कडा विरघळतात. माझ्या फ्रेमचे अ‍ॅप चढवलेले प्रत्येक चित्र स्वतःहून लहान-मोठे करते आणि ते बंद करण्याची सोय नाही, त्यामुळे मी अ‍ॅप सोडून मेमरी कार्डावरून फाइल देतो, आणि तो मार्ग निर्दोष चालतो. फ्रेम घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : तयार केलेली चित्रफाइल जशीच्या तशी दाखवता येते का? उत्तर नाही असेल, तर ती फ्रेम घेऊ नये.

बाकीच्या बाबी चटकन सांगण्यासारख्या आहेत. चौकटीचे लाकूड चांगले आहे, मागची टेकण थोडी हलकी आहे. पडद्याला स्वतःचा उजेड नसल्याने अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो मालवल्यासारखा दिसतो, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर तो सर्वांत खुलतो, मात्र थेट ऊन टाळावे. दिवसाला एकदा फोटो बदलला तर बॅटरी माझ्याकडे अडीच महिने टिकली.

ज्यांना फोटो चढवला की झाले, अशी वस्तू हवी आहे त्यांनी अजून थांबावे असे मी सांगेन. ज्यांची एक संध्याकाळ पॅलेट मोजण्यात आणि दोन संध्याकाळी ते जुळवण्यात घालवण्याची तयारी आहे, त्यांना या किमतीत इतका कागदासारखा रंगीत पडदा मी पाहिलेल्यांत तरी दुसरा नाही, आणि त्यांनी तो जरूर घ्यावा. माझ्या संगणकावर आता तीन पॅलेट कायम असतात : निसर्गासाठी सहा रंगांचे, माणसांसाठी हिरवा वगळलेले पाच रंगांचे, आणि जुन्या फोटोंसाठी दोन रंगांचे. फोटो आला की त्यात चेहरा किती मोठा आहे ते आधी पाहतो आणि मग पॅलेट ठरवतो.

दिवाळीत फ्रेम चिपळूणला गेली. देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर, पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर ती लावली आहे. आईने खुर्ची समोर ओढली, चष्मा पुसला आणि पैठणीच्या फोटोकडे बराच वेळ पाहिले. यावेळी तिने गालाबद्दल काही विचारले नाही. “हा काठ आजीच्या शालूचा होता, तुला माहीत आहे का?” असे म्हणाली, आणि पुढचा फोटो आजीचा लाव, म्हणून मला उठवले.